सावल्यांच्या घड्या घालणारी

माझ्या कादंबरीत एक बाई आहे. तिला नाव नाही. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात उतरायचं तर आपली सावली वेशीवर ठेवून जायची, हा त्या जगाचा नियम. त्या सावल्या उतरवून घ्यायच्या, त्यांच्या घड्या घालायच्या, फडताळात लावून ठेवायच्या आणि माणूस परतला की ज्याची त्याला द्यायची, हे तिचं काम. नायिका जाताना एकदा तिच्यापुढे उभी राहते आणि येताना एकदा. मधली सगळी कादंबरी तिच्यावाचून चालते. पण ज्यांनी ज्यांनी हस्तलिखित वाचलं, त्यांनी आधी तिच्याबद्दलच विचारलं. ही बाई कुठून आणलीस?

घरातून आणली. ती एकटी बाई नाही, तीन माणसं मिळून ती झाली आहे. त्यातली दोन आता नाहीत आणि तिसऱ्याचं पुढे काय झालं, ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.

हात आत्याचे आहेत. आत्याला घडी न घातलेली वस्तू बघवत नसे. चादरी, टॉवेल तर सोडाच, पण सामानाला गुंडाळून आलेला कागद, रिकामी पाकिटं, पिशव्या, सगळ्याची घडी व्हायची. मोठी चादर असली की ती मला हाक मारायची. दोन टोकं माझ्या हातात, दोन तिच्या. आधी दोघींनी मागे सरकून चादर ताणायची, मग ती एक झटका द्यायची. तो झटका माझ्या मनगटापर्यंत पोचायचा आणि मी टोकं सोडते की काय, याकडे तिचं लक्ष असायचं. मग ती चालत माझ्याजवळ यायची, माझ्या हातातली टोकं आपल्या टोकांना जुळवून घ्यायची, आणि तेवढ्यात मी खाली वाकून नवी घडी उचलायची. शेवटी तळहाताच्या कडेनं ती चादरीवरून एकदाच हात फिरवायची. दुसऱ्यांदा कधी नाही. एकदाच, पण असा की सुरकुती जागची नाहीशी व्हायची.

कादंबरीत नायिका वेशीवर पोचते, तेव्हा ती बाई तिच्या सावलीची दोन टोकं नायिकेच्याच हातात देते. म्हणते, धर, एकटीनं होत नाही. नायिकेला आपल्याच सावलीची घडी घालू लागावी लागते. त्या पानावर मला काहीही शोधावं लागलं नाही. जादू कशी दिसेल, सावली हाताला कशी लागेल, किती जड असेल, या प्रश्नांवर मी आधी वह्या भरून टिपणं काढली होती आणि त्यातलं एकही कामाला आलं नव्हतं. आत्याचा तो झटका आठवला आणि प्रसंग उभा राहिला.

बोलणं आजोबांचं आहे. दारातून कुणीही बाहेर पडायला निघालं की ते विचारायचे, "परत कधी?" माणूस कोपऱ्यापर्यंत चालला असो की परगावी, प्रश्न तोच आणि सूरही तोच. लहानपणी मला त्याचा राग यायचा. "माहीत नाही" म्हटलं की ते शांतपणे म्हणायचे, "नक्की नको. एक वेळ सांग." मग आपण तोंडाला येईल ती वेळ सांगायची. ती पाळली नाही तरी ते कधी रागावले नाहीत. त्यांना तेवढीच एक वेळ हवी असायची, तिच्याकडे बघत बसायला. त्या बाईच्या तोंडी कादंबरीत मोजकीच वाक्यं आहेत आणि त्यातली ही दोन जशीच्या तशी आजोबांची. एक शब्दही बदललेला नाही.

तिसरे धाकटे काका. ते माझ्या अगदी लहानपणी घरातून गेले आणि परत आले नाहीत. भांडण झालं होतं म्हणावं तर तसंही कुणी सांगत नाही. त्यांचे कपडे एका पेटीत होते. आत्या वर्षातून एकदा ती पेटी उघडायची, कपडे उन्हात घालायची आणि संध्याकाळी पुन्हा घड्या घालून ठेवायची. त्या घड्यांना ती मला हात लावू द्यायची नाही. कादंबरीतल्या त्या बाईच्या फडताळात सगळ्यांत वरचा कप्पा आहे, न परतलेल्यांच्या सावल्यांचा. वर्षातून एकदा ती त्या खाली काढते, कारण सावलीला ऊन लागतं, नाहीतर ती विरत जाते. हे लिहिताना आपण काय लिहितोय ते मला पुरतं माहीत होतं. कलम आपोआप चाललं वगैरे काही झालं नाही. मी जाणूनबुजून काकांची पेटी त्या डोंगरावर नेऊन ठेवली.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. घरातलं माणूस कादंबरीत आणायचं, तर ते असं कोपऱ्यातच का आणावंसं वाटतं? आत्याला नायिका का करू नये? मला वाटतं, याचं कारण आपल्या आठवणीच्या घडणीत आहे. घरातल्या थोरांचं आख्खं आयुष्य आपल्याला कुठे माहीत असतं? आपण येतो तेव्हा त्यांची अर्धी गोष्ट घडून गेलेली असते. आपल्या वाट्याला येतात त्यांच्या तीन-चार लकबी, एखादं वाक्य, हाताची एखादी हालचाल. म्हणजे ती माणसं आपल्याकडे येतात तीच मुळी दुय्यम पात्रं होऊन. कथेनं त्यांना तेवढीच जागा दिली, तर ती जशीच्या तशी टिकतात. नायक मात्र बदलावा लागतो. त्यानं शिकायचं, चुकायचं, पडायचं, उठायचं, आणि शेवटच्या पानावर वेगळं माणूस होऊन उभं राहायचं. आत्याला ते करायला लावायचं, तर मला तिच्याबद्दल खोटं लिहावं लागलं असतं.

अद्भुतकथा लिहिणाऱ्या मोठमोठ्या लेखकांकडे मी याच नजरेनं पाहू लागले, आणि त्यांच्या आडबाजूच्या पात्रांमध्ये घरची माणसं दिसायला लागली.

टॉल्किनचा टॉम बॉम्बाडिल हा मुळात त्याच्या मुलांच्या खेळण्यातला एक बाहुला. टोपीत पीस खोवलेला. बाहुला मायकेलचा, आणि थोरल्या जॉनला तो आवडत नसे, म्हणून त्यानं तो एकदा संडासात कोंबला. बाहुला वाचला. १९३४ साली त्याच्यावरची कविता 'ऑक्सफर्ड मॅगझिन'मध्ये छापून आली आणि पुढे १९५४ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या खंडात तो जंगलातला गाणारा म्हातारा होऊन अवतरला. त्याच कादंबरीतल्या सॅम गॅमजीच्या बापाची कुळकथा तर मला त्याहून आवडते. कॉर्नवॉलमध्ये लमोर्ना कोव्ह इथे टॉल्किन कुटुंब सुट्टीला गेलं असताना गावात एक म्हातारा भेटला. गावगप्पा आणि हवापाण्याचे अंदाज सांगत हिंडणारा. मुलांना हसू यावं म्हणून टॉल्किननं त्याचं नाव ठेवलं गॅफर गॅमजी. मग तसा कुठलाही म्हातारा दिसला की घरात सगळे त्याला गॅफर गॅमजीच म्हणू लागले. म्हणजे हे पात्र कागदावर उतरण्याआधी कितीतरी वर्षं एका घराच्या तोंडी होतं. मुलांना ते ओळखीचं होतं, बापाला ते मुलांच्या हसण्यासकट आठवत होतं. कादंबरीत गॅफर मोजक्याच पानांवर येतो, बोलतो तेही बागेचं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं. पण सॅम ज्या घरासाठी एवढी पायपीट करतो, ते घर आपल्याला खरं वाटतं ते या म्हाताऱ्यामुळे.

कधी नुसतं नाव येतं. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतल्या १९९९ च्या तिसऱ्या पुस्तकात रात्री धावणारी जादूची बस आहे. तिच्या चालकाचं नाव अर्नी आणि वाहकाचं स्टॅन. ही रोलिंग यांच्या दोन्ही आजोबांची नावं. स्वभाव, बोलणं यांतलं काही घेतलं असेल-नसेल, पण अडल्यानडल्या जादूगाराला उचलून घेणाऱ्या बसवर आपले दोन्ही आजोबा एकत्र बसवणं, यातली माया मला कळते.

टूवे यान्सन या फिनलंडच्या लेखिकेच्या मूमिन-कथा मी बऱ्याच उशिरा वाचल्या. त्या जगाचं मूळ म्हणजे मामानं दाखवलेली भीती. स्टॉकहोममध्ये शिकत असताना ती मामाकडे राहायची आणि रात्री स्वयंपाकघरात जाऊन चोरून खायची. मामा म्हणाला, तिथे चुलीमागे मूमिन राहतात, ते मानेवर गार फुंकर मारतात. त्या फुंकरीतून पुढे एक आख्खं गोल गरगरीत, मायाळू कुटुंब जन्मलं. मूमिनची आई ही पुष्कळशी टूवेची आई, सिग्ने हॅमरस्टेन, चित्रकार. १९५७ मध्ये आलेल्या, हिवाळ्यात घडणाऱ्या कथेत टूटिकी नावाचं एक पात्र येतं. टोपी घातलेली, शांत, कामाची. सगळे झोपलेले असताना एकट्याच जाग्या झालेल्या छोट्या मूमिनला ती हिवाळ्यात कसं राहायचं ते दाखवते, पण त्याचं बोट धरत नाही. ती म्हणजे टूवेची आयुष्यभराची जोडीदार तूलिक्की पिएतिला. जिनं आपल्याला सावरलं, तिला टूवेनं नायिका केलं नाही. हिवाळ्यापुरती सोबत करणारी केलं. हे मला फार अचूक वाटतं. सावरणारी माणसं सावरतानाही आपल्या गोष्टीच्या मधोमध येऊन बसत नाहीत.

आणि मग १९७०. त्या वर्षी टूवेची आई गेली. त्याच वर्षी मूमिनांची शेवटची कादंबरी आली, आणि तिच्यात मूमिन कुटुंब नाहीच. घर आहे, बाग आहे, त्यांची वाट पाहत जमलेले इतर सगळे आहेत. घरचे लोक कुठेतरी गेले आहेत. माणसं न दाखवता त्यांचं घर दाखवणारी ती कादंबरी मी काकांच्या पेटीबद्दल लिहिण्याआधी वाचली, हे इथे सांगितलंच पाहिजे.

पण मला सगळ्यांत जास्त हलवून गेलं ते नार्नियाच्या कथा लिहिणाऱ्या सी. एस. लुईसचं एक पात्र. १९५५ साली आलेल्या त्याच्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये डिगरी नावाच्या मुलाची आई आजारी आहे. ती पुस्तकभर अंथरुणात आहे. फार बोलत नाही, काही करत नाही. डिगरी तिच्यासाठी एका जादूच्या बागेपर्यंत जातो. फळ चोरून थेट आईला नेऊन दे, असा मोह त्याला घातला जातो आणि तो मन घट्ट करून नकार देतो. शेवटी त्याला हक्कानं एक सफरचंद मिळतं. आई ते खाते, तिला गाढ झोप लागते आणि ती बरी होते. लुईसची आई फ्लोरा १९०८ मध्ये कर्करोगानं गेली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. ती बरी व्हावी म्हणून त्यानं प्रार्थना केल्या होत्या. त्याचं आत्मचरित्रही १९५५ चंच. एकाच वर्षी दोन पुस्तकं आली. एकात आई मरते आणि तिच्याबरोबर घरातलं स्थिर असं सगळं सुख जातं, दुसऱ्यात आई बरी होते.

मी ही दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली. डिगरीची आई इतकी पुसट का, असं आधी मला वाटायचं. आता वाटतं, नऊ वर्षांच्या मुलाला आजारी आई तेवढीच दिसली असणार. अर्धवट लोटलेलं दार, हळू बोलणारी मोठी माणसं, उशीवरचा चेहरा. लुईसनं जवळजवळ पन्नास वर्षांनीही तिच्यात काही भर घातली नाही. जेवढी त्याच्याकडे होती तेवढीच पानावर ठेवली, आणि फक्त एक गोष्ट बदलली. तिला वाचवलं.

याच्या उलट्या बाजूला 'पीटर पॅन'चा लेखक जे. एम. बॅरी आहे, आणि माझ्या म्हणण्याला तोच मोठा आक्षेपही आहे. बॅरीचा थोरला भाऊ डेव्हिड १८६७ मध्ये बर्फावर घसरण्याच्या खेळात पडून गेला. चौदा वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस उरला होता. बॅरी तेव्हा सहा वर्षांचा. आई अंथरुणाला खिळली. तिला बरं वाटावं म्हणून हा पोरगा डेव्हिडसारखी शीळ घालायला शिकला आणि मग डेव्हिडचे कपडे चढवून, खिशात हात घालून, पाय फाकवून तिच्यापुढे उभा राहून शीळ घालू लागला. हे त्यानं स्वतःच आईवरच्या १८९६ च्या पुस्तकात लिहिलं आहे. गेलेला मुलगा कायम मुलगाच राहिला, एवढाच आईला दिलासा. १९०४ मध्ये रंगभूमीवर पीटर पॅन आला, तो हाच कधी मोठा न होणारा मुलगा. इथे तर घरचा माणूस थेट नायक झाला. मग माझं म्हणणं खोटं ठरलं का? मला तसं वाटत नाही. पीटर पॅन हा न बदलणारा नायक आहे, आणि न बदलणं हीच त्याची सगळी गोष्ट आहे. गेलेल्या भावाला बदलायला लावता येईना, म्हणून बॅरीनं नायकाचीच व्याख्या मोडली. ते एकदाच जमतं आणि फार मोठ्या लेखकाला जमतं. त्याच नाटकातली मुलांना सांभाळणारी कुत्री नाना मला जास्त आपलीशी वाटते. बॅरीच्या घरी लुआथ नावाचा न्यूफाउंडलंड कुत्रा होता आणि रंगमंचावर नाना होणाऱ्या नटाचा पोशाख त्याच्याच अंगावरच्या केसांबरहुकूम शिवला होता.

हस्तलिखित एका संपादकांकडे गेलं, तेव्हा त्यांनी समासात लिहिलं, ही बाई काढली तरी कथानकाला धक्का लागत नाही. खरं आहे, लागत नाही. नायिकेनं आपली सावली एखाद्या झाडाला बांधून ठेवली असती तरी पुढचं सगळं तसंच घडलं असतं. टॉम बॉम्बाडिलबद्दलही हेच म्हणतात, आणि २००१ च्या चित्रपटात त्याला वगळलंच होतं. टॉल्किननं स्वतः एका पत्रात कबूल केलं आहे की कथनाच्या दृष्टीनं टॉम महत्त्वाचा नाही. तरी त्यानं तो ठेवला. मीही तिला ठेवली. कथानकाला लागतं तेवढंच ज्या जगात असतं, ते जग मला राहण्याजोगं वाटत नाही. नायिका येण्याआधी आणि गेल्यानंतर कुणीतरी तिथे आपलं काम करत असलं पाहिजे. ते काम आपल्या घरात कुणीतरी खरोखर केलेलं असलं, तर वाचणाऱ्याला ते कळतं. कसं कळतं ते मला नेमकं मांडता येत नाही, पण कळतं.

छापायला देण्याआधी ती दोन्ही प्रकरणं मी आत्तेबहिणीला वाचायला दिली. तिला न विचारता ती बाहेर जाऊ द्यायची नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. गेलेल्या माणसांना विचारता येत नाही, म्हणून त्यांच्या सगळ्यांत जवळच्या माणसाला विचारायचं. तिनं दोन दिवसांनी फोन केला.

"हात आईचेच आहेत गं," ती म्हणाली. "पण आई एवढी गप्प कुठे होती? घड्या घालताना तिचं तोंड अखंड चालायचं."

तिचं बरोबर होतं. आत्या बोलघेवडी होती. चादर ताणताना सगळ्या नात्यागोत्याचा हिशोब व्हायचा. मग ही गप्प बाई कुठून आली? आम्ही दोघी फोनवर बराच वेळ त्याच्याच मागे लागलो. शेवटी तिलाच आठवलं. काका गेल्यावर आजोबा कमी बोलायला लागले. आधी ते संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवायचे, ते बंद झालं. दारात उभं राहून विचारायचा तो एक प्रश्न तेवढा राहिला. मी जन्मभर ऐकलेले आजोबा हे काका गेल्यानंतरचे आजोबा होते. तिला आधीचे माहीत होते, मला नव्हते. ज्या प्रश्नाचा मला राग यायचा, तो बहुतेक काकांना विचारायचा राहिला होता, असं ती म्हणाली. त्यावर मला पटकन काही बोलता आलं नाही.

त्यानंतर मी त्या बाईची एकही ओळ बदलली नाही. तिला बोलकं करावं, तिचं पूर्वायुष्य सांगावं, ती वेशीवर कशी आली यावर एक स्वतंत्र कथा लिहावी, अशा सूचना आल्या आणि प्रेमानं आल्या. पण पूर्वायुष्य लिहायचं तर मला ते रचावं लागणार, आणि जे तीन माणसांकडून मिळालं त्यात मी रचलेलं मिसळलं की घरच्यांना ती ओळखू येणार नाही. परक्या वाचकाला फरक पडणार नाही कदाचित. मला पडतो.

एक सूचना मात्र मनातून गेली नाही. एका मैत्रिणीनं विचारलं, वरच्या कप्प्यातली एखादी सावली न्यायला कुणीच का येत नाही? तुझ्याच जगाचे नियम आहेत, एकाला तरी परत आण. लुईसनं आईला सफरचंद दिलंच होतं. मी तो प्रसंग लिहायला घेतला. पावसाळी संध्याकाळ, वेशीवर एक वयस्कर माणूस येतो, सावली नसलेला. बाई त्याच्याकडे बघते, काही न विचारता शिडी लावते आणि वरच्या कप्प्यातली एक घडी काढते. तिथपर्यंत सगळं सरळ उतरलं. घडी उलगडायला दोन माणसं लागतात, म्हणून ती टोकं त्याच्या हातात देते. आणि आता त्यानं काहीतरी बोलायला हवं. इथे मी अडले. आत्याचे हात माझ्याजवळ होते, आजोबांचं वाक्य होतं, पण काकांचं माझ्याजवळ बोलण्यातलं काहीच नव्हतं. आवाजही नाही. मी चार-सहा वाक्यं घालून बघितली. सगळी चांगली होती आणि सगळी माझी होती.

तो प्रसंग छापलेल्या प्रतीत नाही. आत्तेबहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काकांचं एक बोलणं तिला आठवतं, तिला शाळेत सोडायला जाताना ते रोज म्हणायचे. फोनवर सांगणार नाही म्हणाली, भेटल्यावर सांगते. पुढच्या महिन्यात ती येणार आहे.